समुद्रकाठचं खळं

समुद्र पाहायला जाताना सोबत तीस किलो सोयाबीन नेऊ नये, एवढं मला आता समजलं आहे.

आधी कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. माझी बायको सुनीता निघायच्या आदल्या दिवसापासून हेच सांगत होती. पण आमच्या घरात तिचं म्हणणं खरं ठरायला थोडा वेळ लागतो, आणि तोवर आम्ही गाडीत बसून निघालेलो असतो.

आम्ही मेडशीचे. मी रिसोडला एका शाळेत भूगोल शिकवतो. किनारे, खाड्या, भरती, ओहोटी हे सगळं मी सतरा वर्षं फळ्यावर काढत आलो होतो आणि समुद्र काही पाहिला नव्हता. (फळ्यावर मी तो निळ्या खडूने काढतो. खरा त्या रंगाचा नसतो.) माझी मुलगी पल्लवी यंदा नववीत, म्हणजे नेमकी माझ्याच वर्गात आली. एक दिवस तिने भर वर्गात उभं राहून विचारलं, "सर, तुमी पाह्यला का समुद्र?" पोरं हसली. मी म्हटलं, दिवाळीत जाणार आहे. हे मी वर्गात बोललो होतो, त्यामुळे मागे फिरायची सोय राहिली नाही.

आता दिवाळीत समुद्रावर जायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र तिथे आधीच जाऊन बसलेला. यंदा भाऊबीज रविवारी आली होती, म्हणजे तर विचारूच नका. पण मी डोकं चालवलं. सगळे रविवारी परतणार, तर आपण सोमवारी पहाटे दोनला निघायचं. गर्दी जाईल, समुद्र राहील. हा बेत मी चार जणांना सांगितला आणि चारही जणांनी मला हुशार म्हटलं. त्या सहलीत मला हुशार म्हणायची वेळ एवढीच आली.

मधेच आबांचं बियाणं आलं.

आबा म्हणजे माझे वडील. आमच्या शेतात सोयाबीन होतं तसं सगळ्यांच्याच शेतात होतं, पण आमच्या घरी एक पोतं वेगळं असतं. आईने कधीकाळी एका वाफ्यातली चांगली झाडं निवडून त्याचं बी राखलं होतं. दरवर्षी सुपात घेऊन, एकेक दाणा पाहून, बारका, सुरकुतलेला, फुटका बाजूला काढून तिने ते वाढवत वाढवत एका एकराचं केलं. आई गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आबा ते निवडतात, चष्मा लावून, ओट्यावर बसून, आणि त्या कामात कुणाला हात लावू देत नाहीत. ते पोतं संपलं तर तसं दुसरं कुठल्याच दुकानात मिळणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कुणी त्याची थट्टा करत नाही. मीसुद्धा नाही.

यंदा सोंगणीनंतर पाऊस येऊन गेला आणि बियाणात ओल राहिली. त्याला अजून दोन-तीन दिवसांचं कोवळं ऊन द्यायला हवं होतं. शेजारचे म्हणाले, आम्ही वाळवतो. आबांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, "मी नाई येत. तुमी जा."

आबांना सोडून जायचं पल्लवीच्या जिवावर आलं. ती म्हणाली, आबा, तुमी बियाणं घेऊनच चला ना. पोरीने हे गमतीत म्हटलं होतं. आबांनी ते मनावर घेतलं.

सोयाबीनच्या बियाणाची एक गोष्ट इतरांना माहीत नसते. त्याची साल पापुद्र्याइतकी नाजूक. पोतं आदळलं, की उगवण गेली. म्हणून आबांनी पोतं डिक्कीत ठेवू दिलं नाही. "मांग धक्के बसतात," म्हणाले. शेवटी पोतं पुढच्या सीटवर बसलं, माझ्या शेजारी, आणि आबा, सुनीता, पल्लवी मागे दाटीने. गाडी सुरू केली तर टुंग टुंग वाजायला लागली. पुढच्या सवारीने पट्टा लावलेला नव्हता! मी उतरून पोत्याला पट्टा लावला. मग सहाशे किलोमीटर प्रत्येक गतिरोधकाला मागून एकच आवाज येत राहिला, "हळू घे. बियाणं हाय." वाटेत एका टपरीवर चहावाल्याने काचेतून आत पाहिलं आणि विचारलं, कोणी आजारी आहे का. इतक्या हळू गाडी मी आईला दवाखान्यात नेतानाही चालवली नव्हती.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही त्या गावी पोचलो. (गावाचं नाव सांगत नाही, तिथे पुन्हा जायचं आहे.) आणि पाहतो तर अख्खं गाव झोपलेलं! शहाळ्यांच्या गाड्या प्लास्टिक पांघरून उभ्या. भेळवाल्यांच्या खुर्च्या एकावर एक उलट्या. फेऱ्या मारणारे घोडे नारळाच्या झाडाला टेकून डुलक्या घेत होते. चार दिवस पाहुणे सांभाळून गाव असं थकलं होतं, की हवेतच पेंग होती. आम्ही ज्यांच्या वाडीत उतरलो, त्या काकांनी किल्ली दिली ती डोळे मिटूनच. म्हणाले, "पाणी मडक्यात आहे, चहा उद्या," आणि दारातल्या झोपाळ्यावर जाऊन निजले. सकाळी उठलो तेव्हाही ते तिथेच होते.

सामान टाकून आम्ही धावतच किनाऱ्यावर गेलो.

आता खरं सांगतो, मला वाटलं होतं मी समुद्र पाहून पल्लवीला त्याच्याबद्दल चार गोष्टी सांगेन. त्यातली एकही आठवली नाही. एवढं पाणी आणि पलीकडे काहीच नाही, ना टेकडी, ना झाड, ना विजेचा खांब. सूर्य पाण्यात उतरत होता आणि पाणी हळूहळू मागे मागे जात होतं. ओल्या वाळूत आभाळ दिसत होतं. सुनीताने चपला हातात घेतल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात नुसती उभी राहिली. पल्लवी तिच्या शेजारी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

आबा आमच्या मागे उभे होते. ते खाली पाहत होते. पायाने वाळू दाबून बघत होते.

"जमीन सपाट हाय," ते म्हणाले. "अन् कोणीच काई टाकून नाई राह्यलं."

मी तेव्हाच समजायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ताडपत्री घेऊन वाडीभर हिंडले. माड, सुपारी, फणस, त्यावर चढलेली मिरी. ऊन जमिनीपर्यंत पोचतच नव्हतं. आमच्याकडे सावलीला माणूस शोधत फिरतो, इथे आबा उन्हाला शोधत होते. अंगणात पोतंभर ऊन मिळेना, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोतं उचललं. किनारा दोन मिनिटांवर होता.

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला एक कोळीण मावशी आणि तिची जाऊ बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घालत होत्या. आबांनी जन्मात मासळी खाल्ली नाही. वास येताच त्यांनी नाकाला उपरणं लावलं. मग जागा मीच निवडली! खाली, पार पाण्याच्या बाजूला, जिथे वास येत नव्हता. वाळू दाबून बसलेली, सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट आणि स्वच्छ, ना काडी, ना कचरा. त्या वाळूला दर बारा तासांनी कोण झाडून काढतं, हा विचार माझ्या मनात आला नाही.

आम्ही ताडपत्री पसरली, त्यावर बियाणं ओतलं, हाताने पातळ केलं. सकाळच्या उन्हात ते पिवळं पिवळं दिसायला लागलं. आबा खूश झाले. तेवढ्यात वरून मावशीचा आवाज आला. तिने सांगितलं, की दादा, ते वर घ्या, पाणी येईल तिथवर.

मी मागे वळून पाणी पाहिलं. चांगलं दोन शेतं लांब होतं. मी तिला समजावून सांगितलं, की काल संध्याकाळी आलो तेव्हा पाणी मागेच जात होतं, आज सकाळीही मागेच आहे. (या गावचा समुद्र लाजाळू आहे, असं माझं मत झालं होतं.)

"अवस होऊन तीन-चार दिस झालं," मावशी म्हणाली. "उधाणाचं पानी हाय."

"मावशी, मी भूगोल शिकवतो," मी म्हणालो.

तिने मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "असंल," म्हणाली आणि बोंबील उलटायला लागली.

दहा वाजेपर्यंत आबा ताडपत्रीपाशीच बसून होते. कालच्या प्रवासात त्यांनी डोळा मिटला नव्हता, पोत्यावर नजर ठेवून बसले होते. सुनीता आणि पल्लवी शंख-शिंपले गोळा करून वाडीत गेल्या होत्या. मी आबांना म्हटलं, तुमी जेवून या, घटकाभर पडा, मी बसतो इथं.

आबा उठले खरे, पण दोनदा परत आले. एकदा मला सांगायला, की अर्ध्या घंट्यानं बियाणात पाय मार, म्हणजे खालचा दाणा वर येतो. आणि दुसऱ्यांदा माझ्यासमोर उभं राहून एवढंच सांगायला, "डोळा लागू देऊ नको. तुह्या मायचं हाय."

मी म्हटलं, आबा, असं कसं होईल.

मी बियाणात पाय मारले. अनवाणी, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पायांनी सऱ्या पाडत. ऊन कोवळं होतं. दाणे तळव्याला गुदगुल्या करत होते. लाटांचा आवाज लांबून येत होता, एकसारखा, घरी रात्री पंखा चालतो तसा. एक बगळा ताडपत्रीच्या कडेला येऊन उभा राहिला आणि तोही पेंगायला लागला. मी त्याला हाकललं नाही. त्या गावात कुणालाच कुणाला हाकलावंसं वाटत नसावं. मी नुसतं बसलो. मग कोपरावर टेकलो. मग म्हटलं, आडवं पडूनही राखण करता येते, आपण शेतात करतोच की!

मला स्वप्न पडलं. मी वर्गात होतो, फळ्यावर पृथ्वी, चंद्र आणि सूर्य एका रेषेत काढून अमावस्येची मोठी भरती समजावत होतो, आणि अशी समजावत होतो की माझं मलाच कौतुक वाटत होतं. पोरं मात्र बाकांवर पाय वर घेऊन बसली होती. पहिल्या बाकावर पल्लवी हात वर करून उभी राहिली.

"सर, पाणी आलं."

मी म्हणालो, "धड्यात आहे तेवढंच विचारा."

"सर, पाय ओले होऊन राह्यले."

"हा प्रश्न परीक्षेला येत नाही," मी म्हणालो. तरी पाय ओले होतच राहिले. वर्ग, फळा, बाक सगळं हळूहळू तरंगायला लागलं, छान वाटत होतं, आणि मग कुणीतरी माझ्या खांद्याला धरून मला गदागदा हलवलं.

मावशी होती.

मी आधी आभाळाकडे पाहिलं. आमच्याकडे पाणी येतं ते वरून. ढग दिसतो, वारा सुटतो, माणूस धावत जाऊन ताडपत्री झाकतो. कोरड्या उन्हात, स्वच्छ आभाळाखाली, आडवं, गुपचूप चालत पाणी येतं हे मी सतरा वर्षं शिकवत होतो, पण मला ते माहीत नव्हतं. माझे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. ताडपत्रीची खालची कड बुडाली होती आणि लाट आली की बियाणाचा एक पट्टा उचलून नेत होती. पिवळे दाणे फेसावर नाचत होते!

मी लाटेच्या मागे धावलो. दोन्ही ओंजळी भरून दाणे आणले, तोवर पुढच्या लाटेने तिप्पट नेले. मावशीने मला ताडपत्रीची वरची दोन टोकं धरायला लावली. तिने आणि तिच्या जावेने खालची दोन धरली. तिघांनी ती झोळीसारखी उचलली आणि आत शिरलेलं पाणी घेऊन वर पळत सुटलो. मी पडलो. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा मावशी हसली.

वर येऊन पाहिलं तर झोळीत दोन भाग झाले होते. माझ्या बाजूचं बियाणं कोरडं, जरा शिंतोडे उडालेलं. खालच्या बाजूचं खाऱ्या पाण्यात भिजून थबथबलेलं.

आणि माडांच्या सावलीतून आबा येत होते.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले. कोरड्या बाजूचा एक दाणा उचलून दाढेखाली फोडला. मग दुसरा. मग ओल्या बाजूचा एक. तो फुटला नाही, नुसता चेपला. सोयाबीन भिजलं की तासाभरात फुगतं, आणि फुगलेलं बी परत बी होत नाही. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.  मी म्हटलं, "आबा, माहं चुकलं." दुसरं काही सुचलं नाही, आणि तेच खरं होतं.

 आबा दाणे वेगळे करायला लागले. मीही बसलो. मागोमाग आलेली सुनीता बसली, पल्लवी बसली, मावशी आणि तिची जाऊ बसली. सहा जणांनी मिळून ओल्या दाण्यापासून कोरडा दाणा वेगळा केला. अर्धं पोतं वाचलं, अर्धं गेलं.

वाचलेलं सुकवायचं कुठे? त्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी न पोचणारी, ऊन असलेली जागा एकच होती. मावशीने एक मांडव रिकामा केला, त्यावर तिचं धुतलेलं लुगडं पसरलं, आणि आईचं बियाणं बोंबलांच्या दोन रांगांमध्ये जाऊन बसलं. आबांनी उपरणं नाकावरून काढलं आणि तेच मांडवाला बांधलं, कावळे यायला नकोत म्हणून. मग दोन दिवस ते मावशीशेजारी तिथेच बसले. ती बोंबील कधी उलटायचे ते सांगायची, ते बियाणाला दुपारचं कडक ऊन का चालत नाही ते सांगायचे. माझ्याशी फारसे बोलायचे नाहीत, पण तिच्याशी बोलताना मधूनमधून "आमचा मास्तर" असा उल्लेख यायचा आणि दोघं हसायचे.

भिजलेलं बियाणं पहिल्याच संध्याकाळी मावशीने मोठ्या टोपात शिजवलं. फेकायचं कसं, ती म्हणाली. मीठ टाकावं लागलं नाही. आम्ही सगळे वाळूवर ओळीने बसून आईने निवडलेल्या बियाणाच्या घुगऱ्या खाल्ल्या. समोर पाणी पुन्हा मागे जात होतं, सूर्य बुडत होता, मागे गाव अजूनही जांभया देत होतं.  आबांनी पहिल्यांदा मान वर करून समुद्राकडे नीट पाहिलं.

"तुह्या मायनं पाह्याले पाह्यजे होता," ते म्हणाले.

सुनीताने पदर डोळ्यांना लावला. मी घुगऱ्यांची वाटी धरून बसून राहिलो.

घरी परतताना अर्धं पोतं पुढच्या सीटवरच बसलं, पट्टा लावून. मला वाटलं, आता विषय संपला. पण दाणा वरून कोरडा दिसतो, आत जीव आहे की गेला ते दिसत नाही. खारी हवा, शिंतोडे, माझं ताडपत्रीसकट दोनदा पडणं, या सगळ्याने आत काय झालं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आबांनी ते पोतं त्यांच्या खोलीत पाटावर ठेवलं. हिवाळा गेला, तूर निघाली, उन्हाळा आला. मी रोज शाळेत जाताना त्या पोत्याकडे पाहायचो. शाळेत भरतीचा धडा आला तेव्हा मी तो पल्लवीला मोठ्याने वाचायला लावला आणि स्वतः खिडकीतून बाहेर पाहत उभा राहिलो.

मे महिन्यात आबांनी उगवण पाहायला घेतली. गोणपाटाचा तुकडा ओला केला, त्यावर दहा ओळींत दहा दहा दाणे मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. आमच्याकडे हिशोब साधा असतो. शंभरातले सत्तर उगवले तर पेरायचं, नाहीतर आईचं बियाणं इथे संपलं. सहाव्या दिवशी गुंडाळी उघडायला आम्ही सगळे ओसरीवर जमलो. 

पल्लवीने बोट लावून मोजलं. अठ्ठ्याहत्तर. आबांनी चष्मा लावून पुन्हा मोजलं, एकेक कोंब पाहत, आईसारखंच. अठ्ठ्याहत्तर.

आबांनी चष्मा काढला, पुसला, आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा त्या विषयावर माझ्याशी बोलले.

"तुह्या भूगोलात शंभरातले किती पास होतात?"

मी विचार करतोय असं दाखवलं. पल्लवीने वाट पाहिली नाही. "यंदा त्रेसष्ट, आबा," ती म्हणाली.

आबांनी गोणपाटाची गुंडाळी पुन्हा हलक्या हाताने बंद केली.

"मंग त्या मानानं," ते म्हणाले, "समुद्रानं कमीच नुकसान केलं."